कडेवरचे हिरवे ठिपके

गणपतीच्या दिवसांत कसबा पेठेत एखाद्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा रंगला, की लोक बघतात गायकाकडे, फार तर ढोलकीवाल्याकडे. मागे उभा असलेला बास गिटारवाला कुणाच्या खिजगणतीत नसतो. पण गाणं संपून दिवे मालवले, की पुढच्या गाण्याचा पहिला स्वर त्याला काळोखातच शोधायचा असतो. बोट एक घर चुकलं तर अर्धा स्वर चुकतो, आणि बास चुकला की वरचे सगळेच बेसूर वाटू लागतात. या माणसासाठी नेकच्या कडेवर अंधारात उजळणारे ठिपके बसवणं हे मी वाद्याच्या सजावटीत धरत नाही, दुरुस्तीत धरतो.

बास गिटारच्या आधीच्या उभ्या, भल्यामोठ्या डबल बासला पडदे नसत. सगळी मदार कानावर. 1951 साली लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास आणला आणि लाकडात ठोकलेल्या पडद्यांनी, म्हणजे फ्रेटनी, स्वराच्या जागा पक्क्या केल्या. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. इथे ती सोय नाही. प्रिसिजनच्या तारेची लांबी 34 इंच. पहिलं घर साधारण 48.5 मिलिमीटरचं, तर बारावं जेमतेम 26 चं. घरं अशी आखडत जातात, म्हणून नुसत्या सवयीवर लांब उडी मारणं धोक्याचं. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या घराला एक ठिपका आणि बाराव्याला दोन, ही खूण त्यासाठीच. समोरचे मोठे ठिपके प्रेक्षकांना दिसतात. वाजवणारा वरून पाहतो, त्याला दिसते ती कड.

अंधारात दिसायच्या या ठिपक्यांसाठी गाडीच्या नंबरप्लेटवरची चकाकणारी पट्टी कुचकामाची. ती पडलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. स्वतः उजळत नाही. एके काळी घड्याळाच्या काट्यांना रेडियम लावत, आणि ते रंगवणाऱ्या कामगार मुलींचे त्यात जीव गेले. पुढे झिंक सल्फाइड आलं. त्याला हिरवी झाक येते ती त्यात मिसळलेल्या तांब्याच्या कणभर अंशामुळे. पण ही चमक लवकर विझते. 1993 मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटमध्ये युरोपियम आणि डिस्प्रोशियम मिसळून कित्येक तास टिकणारी चमक मिळवली. आजचे चांगले ठिपके याच कुळातले.

काम नाजूक आहे. आधी तारा उतरवायच्या, फ्रेटबोर्डच्या कडेला मास्किंग टेप लावायची. दोन फ्रेटमधलं अंतर मोजून बरोबर मध्यावर पेन्सिलीची रेघ आणि तिच्यावर टोच्याने बारीकसा खळगा. हा खळगा वगळला तर ड्रिलचं टोक शिसवीच्या रेषांवरून घसरतं आणि कायमचा ओरखडा उठतो. दोन मिलिमीटरचं बिट असेल तर त्यालाही टेपचा तुकडा गुंडाळायचा. तो कडेला टेकला की थांबायचं, खोली तीनेक मिलिमीटर पुरते. भोकातला भुसा फुंकून काढायचा, सुपरग्लूचा बारीक थेंब सोडून चमकणारी कांडी आत दाबायची. गोंद पुरता वाळल्यावर धारदार पात्याने कांडी कडेलगत कापायची आणि बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. अंगठा फिरवून काहीच लागलं नाही, म्हणजे जमलं. नेक मॅपलची, फिकट असेल तर काळ्या नळीतली कांडी घ्यावी, म्हणजे दिवसाउजेडीही ठिपका उठून दिसतो. सुटी पूड आणून भरायची असेल तर ती इपॉक्सीतच कालवावी. ही पूड पाण्याने खराब होते, आणि वाजवणाऱ्याच्या हाताला घाम असतोच.

बसवून झालं तरी ठिपक्याला उजेड पाजावा लागतो. त्याला निळा किंवा अतिनील प्रकाश लागतो. स्टेजवरच्या लाल दिव्याखाली रात्रभर उभं राहिलात तरी तो भरणार नाही. म्हणून खिशात लहानशी यूव्ही टॉर्च ठेवावी आणि पडद्यामागे कडेवरून एकदा फिरवून घ्यावी.

सगळे ठिपके एकदम बदलायचा धीर होत नसेल तर पाच, सात आणि बारा आधी करावेत. बाकीची घरं त्यांच्या आधाराने सापडतात. फ्रेटलेस बासवर मात्र ठिपका घराच्या मध्यावर बसवू नये. स्वर नेमका जिथे लागतो त्या रेषेवर तो हवा. बाराव्या जागेपाशी तीन मिलिमीटरची चूकही तयार कानाला खुपते.