राळेच्या कणापासून रक्तपेशीपर्यंत

बुरशीला मारणे तितकेसे अवघड नाही. ती ज्या माणसाच्या देहात ठाण मांडून बसते त्याला तिच्याबरोबर इजा होऊ न देणे हे खरे अवघड, कारण जीवाणूची घडण आपल्याहून सर्वस्वी निराळी असली तरी बुरशीची पेशी, केंद्रकासकट, आपल्याच पेशींच्या घराण्यातली आहे.

बुरशीवर चालवावयाची कृत्रिम पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, घडविण्याचे काम प्रयोगशाळेत बसून पाहताना हा पेच सतत मनात राहतो. रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या आणि १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या पद्धतीनुसार, द्रावकात फुगलेल्या राळेच्या बारीक कणांवर पहिले अमिनो आम्ल बांधावयाचे, त्याच्या टोकावरील संरक्षक गट उतरवून दुसरे जोडावयाचे, उरलेसुरले धुऊन टाकावयाचे, आणि पुन्हा तोच क्रम चालवावयाचा. जोडणी पुरी झाल्याची खातरजमा करण्यासाठी चिमूटभर कण निनहायड्रिनबरोबर तापवितात: ते निळे झाले तर काही टोके अद्याप मोकळी आहेत, पिवळसर राहिले तर पुढे जाण्यास हरकत नाही. ही तपासणी टाळल्यास एकेका आम्लाने उण्या साखळ्यांची भेसळ पदरी पडते. अखेरीस तीव्र आम्लाने साखळी राळेपासून सोडवून थंड ईथरमध्ये ओतली की पांढरा साका खाली बसतो.

या साखळीतील लायसिन व आर्जिनिन यांच्या धनभारामुळे ती बुरशीच्या ऋणभारित पृष्ठाकडे ओढली जाते, आणि ट्रिप्टोफॅनसारखी जलद्वेषी आम्ले तिच्या पटलात शिरून ते फोडतात. परीक्षेसाठी शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत औषधाचे प्रमाण खळग्यागणिक निम्मे करीत कॅन्डिडा ही बुरशी सोडतात व ती ३५ अंशांवर दिवसभर ठेवतात. जेथवर द्राव नितळ राहिला तेथवर औषधाचा अंमल, पुढे गढूळपणा.

पण माझ्या मते त्याआधी शेजारची ताटली पाहावी. तीत त्याच औषधाबरोबर माणसाच्या तांबड्या रक्तपेशी असतात: शाबूत राहिल्या तर तळाशी बसतात, फुटल्या तर सारा द्राव लाल होतो, आणि मग बुरशीवरील विजयाला काहीच किंमत उरत नाही. येथे तगलेल्या साखळ्यांपैकीही कित्येक पुढे रक्तद्रवात निकामी होतात, कारण क्षारांनी विद्युत्-आकर्षण क्षीण होते आणि विकरे त्यांचे तुकडे करतात. तेव्हा विकरांना सहज तोडता न येणारी, उलट्या घडणीची आम्ले घेऊन तीच साखळी राळेवर नव्याने बांधावयास घेतात.