विजेचें पेव

मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांतून जमिनीच्या पोटांत पेव असे. सुगीची ज्वारी त्यांत भरून ठेविली, म्हणजे अवर्षणांतहि घरच्या मुलांच्या मुखीं घांस पडे. वेळेपुरता संग्रह आणि लोभ यांतील भेद आपल्या वडिलधाऱ्यांस पक्का ठाऊक होता. तोच विवेक आतां विजेच्या बाबतींत करण्याची वेळ आली आहे.

आमचें अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यांतील साखर कारखान्याची वसाहत. साखर कारखाने पिळलेल्या उसाचीं चिपाडें जाळून वाफ व वीज करितात. चिपाडांचा ढीग हाच त्यांचा साठा. घरानें आपला साठा कोठें करावा, हा प्रश्न मात्र आम्हांस गेल्या उन्हाळ्यांत एकाएकीं पडला.

२०२४ सालीं सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेंत ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतें. चिरंजीवांनीं त्याचा लाभ घेऊन गच्चीवर पॅनेल बसविले. एके दुपारीं वादळानें तार तुटली. वादळ ओसरून लख्ख ऊन पडलें, तरी मातोश्रींचें प्राणवायूचें यंत्र बंदच! सूनबाई घाबरून म्हणाली, "मामंजी, सूर्य डोक्यावर असतां वीज कशी नाहीं?" घरच्या जुन्या बॅटरींतील पाणी आटलें होतें, तो दोष आमचाच. शेजाऱ्यांच्या बॅटरीवर ती वेळ निभावली.

मागाहून उलगडा झाला तो असा: बाहेरची वीज गेली कीं असा संच आपोआप थांबतो. न थांबता, तर आपल्या गच्चीवरील वीज तारेंत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनचा प्राण घेती. ही उणीव नव्हे, परप्राणरक्षणाची योजना आहे. अशा वेळीं घर चालावें असें वाटत असेल, तर बॅटरी व तिला जोडणारा हायब्रीड इन्व्हर्टर पाहिजे.

मग नेट मीटर काय करितो? दिवसां उरलेले युनिट तो महावितरणकडे जमा धरितो व आपण घेतलेल्या युनिटांतून वजा करितो. हा जमाखर्च आर्थिक वर्षापुरता चालतो. हेंहि पेवच, परंतु दुसऱ्याच्या अंगणांतलें, आणि त्याचे नियम आपल्या हातीं नाहींत. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या जादा विजेचा मोबदला पुष्कळ घटविण्यांत आला. तेव्हां तेथील लोक बॅटरीकडे वळले.

म्हणून तार तोडून स्वतंत्र व्हावें काय? आमच्या मतें, नाहीं. श्रावणांत आभाळ भरून येतें तेव्हां तीच तार कामास येते. बिलांतील स्थिर आकार हें त्या वाटेचें भाडें समजावें. मोठा साठा महावितरणच्या खातीं असूं द्यावा. घरीं मात्र अडीअडचणीपुरता ठेवावा. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. तिच्यांतून एक युनिट निर्धास्तपणें घ्यावें; ३०० वॅटचें यंत्र तेवढ्यावर तीन तास चालतें. लिथियमची बॅटरी महाग, परंतु अधिक वर्षें टिकते व तींत पाणी घालावें लागत नाहीं.

आमच्याकडे अद्याप पाण्याचीच बॅटरी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं धाकटा नातू तिची पातळी पाहून भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत खूण करितो. खूण दिसली नाहीं, तर मातोश्री अंथरुणांतूनच त्याला हांक मारितात.