जुनी गाडी, नवी पत

पत म्हणजे काय, हे व्यापारी घराण्यांना नव्याने सांगावे लागत नाही. फलटण, बारामती, सोलापूर, नगर अशा पेठांतील पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हुंडीवर व्यवहार केला. दर्शनी हुंडी दाखवताच परगावच्या आडत्याने रक्कम मोजावी, मुदती हुंडी ठरल्या दिवशी वटावी आणि या साऱ्यामागे तारण म्हणून बहुधा केवळ लिहिणाऱ्याचे नाव असावे, अशी ती रीत. तिचा दबदबा एवढा की १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टनेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही.

याच घराण्यांतील मुले-मुली आज नोकरीसाठी अमेरिकेत, विशेषतः न्यू जर्सीत, जाऊन स्थिरावतात. तेथे पोहोचल्यावर महिना-दीड महिन्यातच त्यांना एक गोष्ट उमगते. वडिलांची पन्नास वर्षांची पेढी, स्वतःचा सिबिलचा उत्तम गुणांक, पुण्याच्या बँकेत वेळेवर फेडलेले शैक्षणिक कर्ज, यांपैकी काहीही तेथील कर्ज देणाऱ्याच्या संगणकावर सहसा दिसत नाही. तेथे पत मोजणाऱ्या तीन मोठ्या संस्था आहेत: इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन. त्यांच्या नोंदींवरून ३०० ते ८५० या पट्ट्यातील ‘फायको’ गुणांक निघतो. हा गुणांक निघण्यासाठी किमान एक खाते सहा महिने जुने असावे लागते. नव्याने आलेल्या माणसाचा गुणांक वाईट नसतो; तो नसतोच. ‘घराण्यात कुणी कर्ज काढले नाही’ हे आपल्याकडे अभिमानाने सांगण्याचे वाक्य. तेथे ते कोरे पान ठरते.

आणि गाडी तर लगेच हवी असते. एडिसनजवळच्या मेट्रोपार्क स्थानकावरून न्यूयॉर्कला जाणाऱ्याला रेल्वे आहे, ओक ट्री रोडवर वाणसामानही मिळते. परंतु औषधकंपन्यांची कार्यालये, गोदामे, मुलांच्या शाळा, दवाखाने महामार्गांलगत दूरदूर विखुरलेले. गाडीवाचून पहिला हिवाळा काढणारे कुटुंब दुसऱ्याच्या सवडीवर जगते. या निकडीतूनच चुकीचा सौदा होतो, कारण गरजू गिऱ्हाईक ओळखण्याची कला साऱ्या जगातील विक्रेत्यांना अवगत आहे.

मुळात डीलरकडे एक नव्हे, दोन खरेद्या होतात. एक गाडीची, दुसरी पैशाची. विक्रेता मात्र दोन्ही एकत्र कालवून एकच प्रश्न विचारतो: “महिना किती हप्ता परवडेल?” या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याने वाटाघाट तेथेच गमावलेली असते. १५,००० डॉलरचे कर्ज ७ टक्क्यांनी ६० महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २९७ डॉलर येतो आणि एकूण फेड १७,८२१ डॉलरच्या आसपास होते. तेच कर्ज १४ टक्क्यांनी ७२ महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता साधारण ३०९ डॉलर. हप्त्यात फरक अवघा बारा डॉलरचा, एखाद्या जेवणाएवढा. एकूण फेड मात्र २२,२५४ डॉलर, म्हणजे सुमारे ४,४०० डॉलर अधिक. दराचा बोजा मुदतीच्या पदराआड असा लपतो. ज्यांच्या घरात अजूनही ‘दीड टक्का महिना’ ऐकताच तोंडातून ‘अठरा टक्के’ निघते, त्यांनी हप्ता विचारणाऱ्याला किंमत, दर, मुदत आणि एकूण फेड असे चार आकडे वेगवेगळे मागावेत. ते मागणे उद्धटपणाचे नाही. १९६८ च्या ‘ट्रुथ इन लेंडिंग’ कायद्यानुसार वार्षिक दर (ज्याला तेथे ‘एपीआर’ म्हणतात), व्याजाची रक्कम, प्रत्यक्ष कर्जाऊ रक्कम आणि एकूण फेड कागदावर लिहून दाखवणे सावकारावर बंधनकारक आहे.

या पैशाच्या खरेदीत दलालीही असते. डीलर अर्ज बँकेकडे पाठवतो, बँक आपला दर कळवते आणि पुष्कळदा डीलर त्यावर स्वतःचा टक्का-दोन टक्के चढवून ग्राहकाला दर सांगतो. यात बेकायदा काही नाही; आडत आपल्यालाही परिचित आहे. फक्त ती द्यायची की नाही, हे गिऱ्हाइकाला ठरवता आले पाहिजे. त्यासाठी डीलरच्या दारात पाऊल टाकण्याआधी दुसऱ्या ठिकाणचा मंजूर दर खिशात असावा.

हा दर मिळवण्याचे चांगले ठिकाण म्हणजे क्रेडिट युनियन. आपल्या सहकारी पतसंस्थेची ती अमेरिकी बहीण: सभासदांची, सभासदांसाठी चालणारी, नफ्यासाठी नसलेली. केंद्रीय परवान्याच्या क्रेडिट युनियनांना कर्जावरील व्याजाची १८ टक्के ही कमाल मर्यादा आहे. अनेक क्रेडिट युनियना नोकरीचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि व्हिसाची मुदत पाहून नवागताचाही विचार करतात. काही ठिकाणी कर्जाची मुदत व्हिसाच्या मुदतीपलीकडे जाऊ देत नाहीत. तो भेदभाव वाटला तरी निवासाचा दर्जा विचारात घेण्यास तेथील कायदा मुभा देतो. चार ठिकाणी अर्ज केल्याने गुणांक घसरेल, ही भीती अनाठायी आहे. वाहनकर्जासाठी साधारण दोन आठवड्यांच्या आत केलेल्या सर्व चौकशा फायको एकच चौकशी म्हणून धरतो.

आता गाडीकडे वळू. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकी बोलीत खोटी निघालेली गाडी म्हणजे ‘लेमन’. विकणाऱ्याला गाडीचे सारे गुणदोष ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू मागे सरतो आणि वाईट माल उरतो, असे त्याने दाखवले. निबंध छापून येण्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो परत केला होता. २००१ साली अकरलॉफना नोबेल मिळाले. धान्याच्या पोत्यात बंबी खुपसून नमुना पाहिल्याशिवाय भाव न करणाऱ्या आपल्या अडत्यांना हा सिद्धान्त नवा वाटणार नाही.

गाडीत बंबी खुपसण्याचेही मार्ग आहेत. प्रत्येक गाडीला १७ अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. त्यावरून ‘कारफॅक्स’सारख्या सेवा अपघात, मालक आणि ओडोमीटरच्या नोंदींचा इतिहास देतात. तरीही ज्या अपघाताची नोंदच झाली नाही तो अहवालात येत नाही, म्हणून डीलरशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी तपासून घेण्याचे शे-दोनशे डॉलर वाचवू नयेत. विक्रेता तपासणीला नकार देत असेल, तर तेच उत्तर समजावे. न्यू जर्सीत पुराचे भय वेगळे. २०१२ चे सँडी वादळ आणि २०२१ मधील आयडाचा पाऊस यांनी तेथील असंख्य गाड्या बुडवल्या. बुडालेली गाडी पुसून-धुऊन दुसऱ्या राज्यातील कागदांवर फिरत राहते. गालिच्याखालचा गाळ, आसनांच्या खिळ्यांवरचा गंज आणि अत्तर मारूनही न जाणारा कुबट वास या तिच्या खुणा.

डीलरने गाडीच्या काचेवर ‘बायर्स गाइड’ नावाचा कागद लावणे केंद्रीय नियमाने आवश्यक आहे. त्यावर हमी आहे की ‘अ‍ॅज इज’, म्हणजे ‘जसे आहे, जिथे आहे’, ते लिहिलेले असते. न्यू जर्सीचा कायदा याच्या पुढे जातो. सात वर्षांपर्यंतची, एक लाख मैलांच्या आतली, किमान ३,००० डॉलरची गाडी डीलरकडून घेतली, तर इंजिन, गिअरसारख्या प्रमुख भागांची हमी मिळते: २४,००० मैलांपर्यंतच्या गाडीला ९० दिवस वा ३,००० मैल, ६०,००० पर्यंतच्या गाडीला ६० दिवस वा २,००० मैल आणि त्यावरील गाडीला ३० दिवस वा १,००० मैल, जे आधी होईल ते. मात्र साठ हजार मैलांवरच्या गाडीची हमी ग्राहकाला किमतीच्या वाटाघाटीत लेखी सोडून देता येते, आणि ती सही कागदांच्या गठ्ठ्यात सहज होऊन जाते. सौदा झाल्यावर तीन दिवसांत गाडी परत करता येते, हा समज तर सर्रास आढळतो. डीलरच्या जागेवर झालेल्या खरेदीला असा केंद्रीय हक्क नाही.

भारतात परतणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाकडून गाडी घेणे अनेकांना सुरक्षित वाटते. पुष्कळदा ते असतेही. पण खाजगी विक्रीला वरील हमी लागू नाही आणि ‘आपला माणूस’ म्हणून मालकीपत्र न पाहणे हा घातक शिष्टाचार आहे. शेतजमीन घेताना सातबारावरचा बोजा पाहतो, तसा गाडीच्या टायटलवरचा बोजा पाहावा. मागील कर्ज फिटले नसेल, तर सावकार गाडी नव्या मालकाच्या दारातूनही उचलून नेऊ शकतो.

जाता जाता चामड्याचा प्रश्न. वरच्या श्रेणीच्या गाड्यांत आसने, कधी सुकाणूचे वेष्टनही, चामड्याचे असते. कापडी आसनांची श्रेणी मागितली की अहिंसेचा आग्रह राखला जातो आणि किंमतही उतरते. दोन्ही हेतू एकाच वेळी साधण्याचे प्रसंग बाजारात विरळाच.

सर्वांत नाजूक विषय जामिनाचा. कर्ज नाकारले गेले की तेथे वीस वर्षे राहिलेल्या मामांकडे किंवा मावसभावाकडे शब्द टाकला जातो: “नुसती सही द्या.” ही सही ‘नुसती’ नसते. आपल्या करार कायद्याचे १२८ वे कलम जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच धरते. अमेरिकेतही जामीनदाराला सहीपूर्वी दिल्या जाणाऱ्या सूचनापत्रात, कर्ज फेडले गेले नाही तर संपूर्ण रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते, असे स्पष्ट बजावलेले असते. ते कर्ज मामांच्या स्वतःच्या अहवालावर दिसते, त्यांच्या घराच्या वा दुकानाच्या पुढच्या कर्जाला आड येते, आणि केवळ जामीन राहिल्याने गाडीवर त्यांचा हक्क मात्र निर्माण होत नाही. भाच्याची नोकरी गेली आणि व्हिसामुळे त्याला परतावे लागले, तर हप्ते मामांनी भरायचे आणि गाडी विकायला भाच्याची सही मुंबईहून आणायची. नात्यात हे बोलून दाखवणे अवघड असते, म्हणूनच विचारणाऱ्याने ते आधी बोलावे. मदत करायचीच असेल, तर तीन-चार हजार डॉलर हातउसने देणे, आणि ते लिहून ठेवणे, जामिनापेक्षा बरे. त्यात तोट्याची कमाल मर्यादा पहिल्याच दिवशी ठाऊक असते.

घरचे वडील अशा वेळी दुसरा मार्ग सुचवतात: पैसे इथून पाठवतो, कर्जच नको. भारतातील निवासी व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. वर्षभरात दहा लाख रुपयांपर्यंतच्या प्रेषणावर टीसीएस लागत नाही. शिक्षण व उपचार सोडून इतर कारणांसाठी त्यापुढील रकमेवर तो २० टक्के कापला जातो आणि प्राप्तिकरात वळता करून घेता येतो. साध्या, जुन्या टोयोटा वा होंडासाठी बहुधा या मर्यादेतच भागते. रोखीने घेतलेल्या गाडीवर व्याज नाही, आणि कर्ज असताना सावकार ज्या व्यापक विम्याची अट घालतो तीही राहत नाही. नवागताला विम्याचा हप्ताही चढाच पडतो, कारण भारतातील वाहन चालवण्याचा अनुभव तेथे बहुधा धरला जात नाही.

रोखीच्या विरोधात एकच युक्तिवाद नेहमी केला जातो: कर्ज घेतल्याशिवाय पत कशी होणार? यावर १४ टक्क्यांचे कर्ज हे उत्तर नव्हे. काहीशे डॉलर अनामत ठेवून मिळणारे ‘सिक्युअर्ड’ क्रेडिट कार्ड घ्यावे, त्यावर किराणा व पेट्रोलचा थोडा खर्च करावा आणि देयक दर महिन्याला पूर्ण चुकते करावे. व्याज शून्य, नोंद मात्र दरमहा. फायको गुणांकात वेळेवर परतफेडीचा वाटा ३५ टक्के आणि देणे किती बाकी आहे याचा ३० टक्के. म्हणजे दोन-तृतीयांश पत या एका साध्या शिस्तीतून तयार होते. ज्यांनी निकडीपोटी महाग कर्ज आधीच घेतले आहे, त्यांनी वर्षभर हप्ते न चुकवता क्रेडिट युनियनकडे पुनर्वित्तासाठी जावे. मुदतपूर्व फेडीवर दंड आहे का, हे करारात पाहूनच.

घरातील सुनेचे नाव या सगळ्यात बहुधा कोठेच नसते. कर्ज पतीच्या नावे, कार्ड पतीच्या नावे, म्हणून पाच वर्षांनंतरही तिचे पान कोरेच राहते. अवलंबित व्हिसावर असताना स्वतःचे कार्ड मिळणे कठीण असते, तरी पतीच्या कार्डावर अधिकृत वापरकर्ती म्हणून तिचे नाव घालता येते आणि बहुतेक बँका ती नोंद पतसंस्थांकडे पाठवतात. अर्जाला दहा मिनिटे लागतात. तो पहिल्या कार्डाबरोबरच भरावा.