कंपाचे औषध आणि औषधाचा कंप

इंग्लंडमधील जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ मध्ये 'कंपयुक्त पक्षाघात' या विषयावर एक छोटा प्रबंध प्रसिद्ध केला. हात स्वस्थ असताना थरथरणे, चाल मंदावणे, शरीर पुढे झुकणे ही लक्षणे त्याने सहा रुग्णांच्या आधारे वर्णिली. पुढे या विकारास त्याचेच नाव मिळाले. आयुर्वेदात 'कंपवात' या नावाने ज्याचे वर्णन आढळते, त्याच्याशी या विकाराचे पुष्कळ साम्य आहे. या रोगावर आज परिणामकारक औषध उपलब्ध आहे. परंतु त्या औषधानेही शरीरात नको असलेल्या हालचाली उद्‌भवू शकतात. रोगाचा कंप कोणता आणि औषधाची हालचाल कोणती, हे न ओळखल्यास उपचार उलट्या दिशेने जाण्याचा धोका असतो.

या रोगाचे मूळ मेंदूच्या मध्यभागातील काळसर रंगाच्या एका पेशीपुंजात आहे. तेथील मज्जापेशी 'डोपामीन' नावाचे रसायन निर्माण करतात. हालचाली सुरळीत व्हाव्यात म्हणून मेंदूचे विविध भाग परस्परांस जे संदेश देतात, त्यांस या रसायनाची आवश्यकता असते. या पेशी हळूहळू नष्ट होतात, डोपामीन घटते आणि रोगाची लक्षणे दिसू लागतात.

हे ज्ञान हाती येण्यास एका भारतीय वनस्पतीचे साहाय्य झाले. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग आपल्या देशात फार पूर्वीपासून होत आला आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या गुणाची माहिती एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील 'रेसर्पीन' हे द्रव्य वेगळे करण्यात आले. परंतु मोठ्या मात्रेत रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत कंप, ताठरपणा व मंदगती दिसू लागली. औषधाने जणू पार्किन्सनच्या रोगाची प्रतिकृतीच उभी केली होती!

स्वीडनमधील आर्विद कार्ल्सन यांनी १९५७ मध्ये रेसर्पीन दिलेल्या, निश्चल पडलेल्या प्राण्यांना 'डोपा' टोचले. थोड्याच वेळात ते प्राणी पुन्हा हिंडू लागले. रेसर्पीनमुळे मेंदूतील डोपामीनचा साठा रिता होतो आणि डोपापासून तो पुन्हा भरून निघतो, हे त्यांच्या संशोधनातून पुढे उलगडले. या संशोधनासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकेविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामीनची तीव्र न्यूनता असल्याचे दाखविले, आणि १९६१ मध्ये तेथेच रुग्णांवर 'लेव्होडोपा'चा यशस्वी प्रयोग झाला. स्वतः डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा मात्र शिरते व तेथे त्याचे डोपामीन होते. हेच लेव्होडोपा कुहिलीच्या बियांत असते. दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते १९३७ मध्येच त्यांतून वेगळे केले होते.

१९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रा देण्याची पद्धत प्रचारात आणली. वर्षानुवर्षे जखडलेले रुग्ण चालू लागले; पण अनेकांच्या शरीरात एक नवा प्रकार दिसू लागला. मान, हात, धड आपोआप वळू लागले, नाचल्यासारखे हलू लागले. यास 'डिस्कायनेसिया' म्हणतात.

असे का व्हावे? निरोगी मेंदू डोपामीन साठवून ठेवतो आणि ते जवळजवळ अखंड, मोजून मापून सोडतो. औषधाने ते लाटेसारखे येते व ओसरते, कारण रक्तातील लेव्होडोपा सुमारे दीड तासात निम्मे होते. रोग वाढला की साठवण करणाऱ्या पेशी उरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक लाटेचा आघात मेंदूस सरळ जाणवतो.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. रोगाचा कंप सेकंदास चार ते सहा वेळा, एका ठेक्यात होतो. हात स्वस्थ असता तो दिसतो, काम करताना कमी होतो व झोपेत थांबतो. पुढील मात्रेची वेळ जवळ येताच तो बळावत असेल, तर औषधाचा प्रभाव ओसरत आहे असे समजावे. याउलट, मात्रा घेतल्यानंतर औषध ऐन भरात असता उठणारी, ठेका नसलेली वळवळ ही बहुधा औषधाची असते. पहिल्या प्रसंगी मात्रा वाढवावी किंवा दोन मात्रांतील अंतर कमी करावे लागते. दुसऱ्या प्रसंगी मात्रा घटवावी लागते. एकासाठी केलेला उपाय दुसऱ्यास लागू केला तर त्रास वाढतो. तिसरी गोष्ट अगदी निराळी. काही मनोविकारांवरील औषधे आणि मळमळीवरील मेटोक्लोप्रामाइड डोपामीनचे कार्य अडवून पार्किन्सनसारखा कंप निर्माण करतात. ती वेळीच बंद झाल्यास हा कंप बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत नाहीसा होतो.

कोणत्या वेळी मात्रा घेतली, किती वेळाने हालचाल सुरू झाली आणि ती कशी होती, याची घरच्या माणसांनी टिपून ठेवलेली नोंद वैद्याला फार उपयोगी पडते. तिच्या आधारे तो मात्रा लहान करून अधिक वेळा विभागू शकतो, अमँटाडीन हे औषध जोडू शकतो, आणि निवडक रुग्णांत मेंदूत सूक्ष्म विद्युत्‌तारा बसविण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करू शकतो.

मात्र शरीर हलते म्हणून घाबरून लेव्होडोपा एकाएकी बंद करणे घातक असते. तीव्र ताठरपणा व ज्वर उत्पन्न होऊन प्राणावर बेतू शकते. कुहिलीचे चूर्ण मनाने घेणेही उचित नव्हे. त्यातील लेव्होडोपाचे प्रमाण प्रत्येक वेळी सारखे नसते, आणि या रोगात तर उपचाराचे सारे यश मात्रेच्या नेमकेपणावर अवलंबून असते.