ड्राइव्हची लिंक पाठवण्याआधी हे सेटिंग बघा

कॅटलॉगची फाइल २५ एमबीच्या वर गेली की जीमेलला अटॅचमेंट म्हणून जात नाही. मग ती कॉम्प्युटरवरून गूगल ड्राइव्हवर अपलोड करा (१५ जीबी जागा फुकट, पण त्यात तुमचे मेल आणि फोटोही आले बरं का!). फाइलवर राइट क्लिक करून ‘शेअर’मध्ये जा. खरी गोम इथेच आहे. ‘एनीवन विथ द लिंक’ केलंत, तर लिंक ज्याच्या हाती पडेल तो फाइल उघडणार. कॅटलॉगला चालेल, ग्राहकांच्या यादीला अजिबात नाही! तिथे ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवून फक्त आपल्या सीएचा ईमेल टाका. रेटलिस्टला ‘व्ह्यूअर’च ठेवा, ‘एडिटर’ दिलंत तर समोरचा तुमचे भावच बदलू शकतो. काम झालं की तिथूनच अ‍ॅक्सेस काढून टाका.