गांडुळाचा श्वास आणि उसाची मुळी



गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कुणी त्याला दानवे म्हणतात, कुणी शिदोड, कुणी काडू. पण हा मित्र जमिनीखाली श्वास कसा घेतो आणि राबायला ताकद कुठून आणतो, याची चौकशी आपण फारशी करीत नाही. ती केली, तर उसाला पाणी किती द्यावे आणि पाचट का जाळू नये, या दोन्ही गोष्टी नीट उमजतात.

गांडुळाला नाक नाही आणि फुप्फुसेही नाहीत. ते सगळ्या अंगाच्या कातडीने श्वास घेते. ही कातडी पातळ असते व तिच्यातून चिकट स्राव पाझरत असतो. म्हणून तर गांडूळ हाताला बुळबुळीत लागते. मातीच्या कणांमधील हवेतला प्राणवायू या ओलाव्यात विरघळतो आणि कातडीलगतच्या बारीक रक्तवाहिन्यांत उतरतो. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन आपल्या रक्तात तांबड्या पेशींत असते, तर गांडुळात ते रक्ताच्या पाण्यातच विरघळलेले असते. कर्बवायू याच वाटेने उलट बाहेर पडतो. कातडी सुकली की हा सगळा व्यवहार बंद. उन्हात सापडलेले गांडूळ मरते, त्याचे हे एक मोठे कारण.

आता हा प्राणवायू लागतो कशाला? आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. बॉयलरमध्ये बगॅस जळतो, वाफ होते, वाफेवर टर्बाईन फिरते. गांडुळाच्या पेशीतही जळण चालते, फक्त ज्वाळा नसतात. तिथले मुख्य जळण म्हणजे ग्लुकोज. गांडूळ कुजका पालापाचोळा आणि माती खाते. आतड्यातील पाचकरस व जिवाणू मिळून त्यातून साधी साखर मोकळी करतात आणि रक्त ती पेशींना पोचवते.

पेशीत ग्लुकोजचे आधी दोन तुकडे होतात. या कामाला प्राणवायू लागत नाही, पण ताकदही थोडीच मिळते. मग हे तुकडे मायटोकाँड्रिया नावाच्या अतिसूक्ष्म भट्ट्यांत जातात आणि प्राणवायूच्या मदतीने, पायरीपायरीने, त्यांचे कर्बवायू व पाणी होते. सुटलेली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत साठते. एटीपी म्हणजे पेशीच्या हातातली रोकड. स्नायू आखडायचा असो की स्राव करायचा असो, खर्च यातूनच होतो. प्राणवायू असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे सुमारे ३० एटीपी मिळतात. नुसत्या पहिल्या पायरीवर भागवायचे, तर हाती येतात फक्त २.

डिस्टिलरीत मळी आंबवताना असेच घडते. हवा नसली की यीस्ट साखर पुरती न जाळता मद्यार्कावर थांबते. ऊर्जा त्या मद्यार्कात शिल्लक राहते, म्हणून तर तो पेट घेतो. प्राणवायू तुटला की गांडुळातही जळण अर्धवट होते आणि अंगात आम्ले साठतात. त्यावर ते काही काळ तग धरते, कायम नाही.

पाणी लागले की गांडूळ लगेच बुडून मरते, असे मात्र नव्हे. प्राणवायू विरघळलेल्या ताज्या पाण्यात काही जाती कित्येक दिवस जगतात. अडचण आहे ती तुंबलेल्या पाण्याची. प्राणवायू हवेतून जितक्या झपाट्याने पसरतो, त्याच्या सुमारे १०,००० पट हळू तो पाण्यातून पसरतो. मातीतले जिवाणू आणि मुळ्या असेल तेवढा वापरून टाकतात. नवा खाली पोचतच नाही.

उसाच्या मुळीच्या पेशीतही हेच यंत्र चालते. म्हणून पाणी साचलेल्या रानात ऊस पिवळा पडतो. पाणी बुडाशी असते, खत घातलेले असते, पण ते उचलायला मुळीत ताकद नसते. वाफसा म्हणजे काय, तर कणांभोवती ओल आणि पोकळीत हवा. गांडुळाला हेच हवे, मुळीलाही हेच हवे.

शिवाय गांडूळ वाफसा टिकवायला मदत करते. त्याच्या बिळांतून हवा खाली जाते आणि जादा पाणी निचरते. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली गांडुळांवर ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला १० टनांहून जास्त कोरडी माती गांडुळांच्या पोटातून वर येते, असा हिशेब त्यात मांडला आहे. एवढे काम फुकट करणारा गडी कुठे मिळेल?

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. शेजाऱ्याची पाळी झाली म्हणून पाणी सोडू नये. वाफसा पाहून सोडावे. निचऱ्याचे चर दरवर्षी उकरून मोकळे करावेत. खोडव्यातील पाचट पेटवू नये, सरीत पसरून कुजवावे. काडी लावली की गांडुळाचे अन्न आणि ओल धरणारे पांघरूण, दोन्ही एका दुपारी जातात.

पुढच्या पाळीआधी सरीत वीतभर खणून माती हातात घ्यावी. आंबूस, कुजका वास आला तर खाली हवा नाही असे समजावे आणि पाणी लांबवावे. गांडूळ दिसले, तर मुळीचाही श्वास ठीक चालला आहे असे धरायला हरकत नाही.