ओहोटीची भूमी, भरतीची भूमी

ठाण्याच्या खाडीवर पक्षी पाहावयास जाणाऱ्याने आधी महिना पाहावा आणि मग तिथी पाहावी. कार्तिकापासून वैशाख-ज्येष्ठापर्यंत पक्ष्यांचा मुक्काम येथे असतो खरा, परंतु कोणत्या घटकेस ते कोठे असतील हे भरती-ओहोटीच ठरविते. तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरील कोळ्यांचा जुना हिशेब आजही फारसा चुकत नाही: अष्टमीस सकाळी सहाच्या सुमारास भरती, म्हणून दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी, आणि तेव्हा उघड्या पडलेल्या चिखलावर रोहित पक्ष्यांची पंगत मांडलेली.

या रोहितांत धाकट्यांची संख्या मोठी. धाकटा रोहित मान पायांशी नेऊन चोच उलटी करतो, जीभ झपाट्याने मागेपुढे हलवून पाणी आत घेतो व बाहेर लोटतो, आणि चोचीच्या कडांवरील सूक्ष्म दात्यांत नीलहरित शैवाल तेवढे अडकून राहते. मोठा रोहित त्याच पाण्यातून बारीक कवचधारी जीव व अळ्या गाळतो, म्हणून दोघे शेजारी चरूनही तंटा होत नाही. पिसांचा गुलाबी वर्ण या अन्नातील रंजकद्रव्यांचा. थव्यात राखी दिसतात ती अल्पवयीन पिले. कच्छच्या रणातील ज्या वसाहतीचा वृत्तान्त सालिम अलींनी १९४५ साली जगापुढे मांडला, त्या गुजरातच्या मुलखाशी येथील रोहितांचे येणे-जाणे आहे.

ही वहिवाट मात्र फार जुनी नाही. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात शिवडीच्या चिखलात त्यांचे मोठे थवे दिसू लागले, आणि शहरांच्या सांडपाण्याने खाडीत शैवाल माजले हे त्याचे एक कारण अभ्यासक सांगतात. तेव्हा पक्षी आले म्हणजे खाडी निरोगी झाली, असा दाखला कोणी देऊ नये.

रोहितांच्या दिमाखात इतरांचा विसर पडतो, याची मला खंत वाटते. लडाख-तिबेटच्या सरोवरांवर वीण आटोपून आलेले तपकिरी डोक्याचे कुरव, सैबेरियाकडील चिखल्ये व तुतारी, थापट्या बदके, तिवरांच्या मुळांशी चिंबोऱ्या हुडकणारा कोल्हा, आणि परांच्या आधारे चिखलावर सरकत जाऊन क्षणात बिळात दडणारा निवटा, हा सारा एकाच खाडीचा संसार आहे. १८५४ साली ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणास पोहोचलेल्या लोहमार्गावरून डोंबिवलीकर दररोज ये-जा करतात. त्यांच्या बाजूस उल्हासच्या पाण्यावर कुरव उतरतात, बांधांवर धोबी शेपटी हलवितो, लव्हाळ्यात निळ्या गळ्याचा शंकर दडतो, आणि सायंकाळी भोरड्यांचे थवे वृक्षांवर कोलाहल करीत बसतात. कुरवांना शेव-गाठी घालण्याचा प्रघात मात्र बंद व्हावा. ते त्यांचे अन्न नव्हे.

सरकारने २०१५ साली खाडीचे १६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर केले, आणि २०२२ साली ६५२१ हेक्टरांस आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून नावेने जाऊन हा प्रदेश पाहता येतो. वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे हे कार्य मोलाचे आहे. परंतु पौर्णिमेच्या उधाणात, दुपारच्या सुमारास, चिखल पूर्णपणे बुडतो, आणि तेव्हा उंच पायांच्या रोहितालाही उभे राहण्यास उथळ पाणी शोधावे लागते. ते त्याला नेरूळ-सीवूड्सकडील तळ्यांत मिळते, आणि ती तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. चरण्याची जागा राखावी आणि विसाव्याची बांधकामाच्या मर्जीवर सोडावी, हा बंदोबस्त अर्धा आहे. तळ्यात भरतीचे पाणी आणणारी वाट बुजली की पाणी साचते, कुजते, आणि पक्षी अन्यत्र भटकतात. शहरावरून रात्री उडणाऱ्या थव्याला केवढा धोका असतो, हे २० मे २०२४ रोजी घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेने जवळजवळ चाळीस रोहित मेले तेव्हा सर्वांनी पाहिले.

दरसालची गणना ओहोटीबरोबर उधाणाच्या तासालाही व्हावी, थवे ज्या तळ्यांवर उतरतात त्यांची नोंद सरकारी दफ्तरात व्हावी, आणि पुढल्या अधिसूचनेत त्या तळ्यांसह त्यांना खाडीशी जोडणाऱ्या नाल्यांचाही समावेश हद्दीत व्हावा.